चूलदेवाची दुसरी रजा

तो-क्वा-वान, काउलून
१२ ऑक्टोबर

साम ताई,

तूसुद्धा तोच प्रश्न विचारावास याचं नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. संत्र्यांवरची कीड झाली, तुझा गुडघा झाला, आणि मग पत्राच्या तळाशी, सहज आठवल्यासारखं: "दुसरा भाग येणार का गं?"

नववर्षाला 'गोड तोंडाचा देव' हा सिनेमा लागल्यापासून लोक मला दुसरं काही विचारत नाहीत. दंतवैद्याने माझ्या तोंडात चिमटा असताना विचारलं. रविवारी चर्चच्या पायरीवर फादरांनी विचारलं. केस कापणारी आ-पो तर कात्री हातात घेतली की सुरू होते, "फुंग बाई, तुमची पोरगी दुसरा भाग काढणार ना?" माझी पोरगी. मी लग्न केलं नाही, आणि या वयात मला आयती पोरगी मिळाली.

लो का-यान माझी विद्यार्थिनी होती, एवढंच खरं. सहा वर्षं माझ्या वर्गात बसली आणि त्या सहा वर्षांत तिने एकही निबंध शेवटापर्यंत लिहिला नाही. सुरुवात इतकी छान की वाटावं, आज काहीतरी घडणार. मग घंटा. "वेळ संपला, बाई." सिस्टर बेनेदेत्ता म्हणायच्या, या मुलीला अर्धं ताट वाढून निघून जायची खोड आहे. आता तीच खोड तिने साऱ्या देशाला तिकीट लावून दाखवली. वर्षाअखेरी वर जाऊन त्याने घराबद्दल गोड बोलावं म्हणून विधवा बाई चूलदेवाच्या तोंडाला एवढी साखर फासते की वर गेल्यावर त्याचं तोंडच उघडत नाही. तो हातवारे करतो, स्वर्गातला राजा भलतंच समजतो, गावावर बदकांचा पाऊस पडतो. इथवर मीही हसले, नाही म्हणत नाही. पण शेवटी देव वरच्या कचेरीत रांगेत उभा, खाली बाईची भिंत रिकामी, आणि दिवे लागले. म्हणे लोकांना विचार करायला लावायचं होतं. लोक विचार करत नाहीत ताई, मला विचारतात.

पण तुझं काय? थेटरात तू अर्ध्यावर झोपलीस असं तुझ्या मुलाने, चुननेच मला सांगितलं होतं. ज्या सिनेमात झोप लागली त्याच्या दुसऱ्या भागाची तुला का घाई? फोन करण्यात अर्थ नाही. तुला माझं ऐकू येत नाही, आणि माझं ओरडणं माझ्या सगळ्या मजल्याला ऐकू येतं. तेव्हा काय आहे ते सरळ लिही.

सिन

*

ताम-यिउ
३० ऑक्टोबर

सिन,

झोप लागली कारण खुर्ची मऊ होती. सिनेमा मला पाहायचा नव्हताच. माझं स्वयंपाकघर मी रोज पाहते.

सरळ लिही म्हणतेस तर लिहिते. दीड वर्षामागे उन्हाळ्यात ती मंडळी आली, तुझंच नाव सांगत आली, म्हणून मी घर उघडलं. चांगली मुलं होती. चपला काढून आत यायची. देव वर पाठवायचा प्रसंग माझ्याच चुलीवर झाला. चिउबुवांनी, तो देव झालेला म्हातारा नट, त्यांनी भिंतीवरचा माझाच चूलदेवाचा लाल कागद उतरवला, साखर लावली, वर चढायला शिडी म्हणून उसाची दोन कांडकी ठेवली, सगळे शब्द म्हटले आणि कागद जाळला. शब्द खरे होते. बुवा गावोगावच्या तमाशात विदूषक म्हणून वाढलेले, त्यांना खोटे शब्द येतच नाहीत.

जाताना तुझी का-यान म्हणाली, "मावशी, भिंत अशीच ठेवा. नवा कागद लावू नका. दुसऱ्या भागात देव परत येईल तेव्हा सगळं जुळायला हवं." मी हो म्हटलं. त्यानंतर एक नववर्ष आलं नि गेलं, मी भिंतीला हात लावला नाही.

आता चुन. चांगला मुलगा आहे, तू त्याला काही बोलू नकोस. मार्चमध्ये लाकडं आणताना मी अंगणात पडले, आणि हिवाळ्यात खोकते, म्हणून त्याला चूल पाडून तिथे गॅस आणि पांढऱ्या फरशा बसवायच्या आहेत. मिस्त्री माप घेऊन गेला. मी म्हटलं, सिनेमावाल्यांनी सांगितलंय, काही हलवायचं नाही. चुन म्हणाला, "ठीक आहे आई. दुसरा भाग होणार असेल तर तोवर थांबू. नसेल तर चोविसाव्या दिवसानंतर काम सुरू."

तू लहानपणीच सिस्टरांच्या शाळेत गेलीस, तुला आठवत नसेल. बाराव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी घराघरातले चूलदेव वर जातात आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री परत येतात. मधल्या दिवसांत घरांवर नजर ठेवणारं कोणी नसतं, म्हणून कशालाच मुहूर्त लागत नाही. लग्नं लावा, भिंती पाडा. चूल पाडायलाही तेच दिवस.

तेव्हा एवढंच विचार, होणार का नाही. मुलीला रागावू नकोस.

संत्र्याच्या सालींची एक पुडी सोबत पाठवते. बारा वर्षं मुरलेली आहे, चहात उकळ, घसा मोकळा होईल. भांडायला बरा.

साम

*

तो-क्वा-वान
८ नोव्हेंबर

का-यान,

हे पत्र उभ्याने वाचत असशील तर खाली बस, आणि सरळ बस.

माझी मामेबहीण, लेउंग साम-मुई, ताम-यिउ गावात राहते. तिच्या चुलीपाशी तू तीन आठवडे जेवलीस. तू तिला सांगितलंस, भिंत अशीच ठेवा. बिचारीने ठेवली. तू विसरलीस. ज्या घरात तुम्ही चपला काढून शिरलात, त्या घराचा देव तुम्ही वर पाठवलात आणि दार ओढून निघून आलात. माझ्या मते देव एकच आहे आणि तो कुठल्याही भिंतीवर चिकटवलेला नाही, पण हा माझ्या श्रद्धेचा प्रश्न नाही, तुझ्या वागणुकीचा आहे. दुसऱ्याच्या घरातून मिठाचं भांडं उचललं तरी आपण ते परत ठेवतो.

तिचा मुलगा नववर्षाच्या आधी ती चूल पाडणार आहे. दुसरा भाग होणार असेल तर थांबेन म्हणतो. तेव्हा माझा प्रश्न आ-पोचा किंवा दंतवैद्याचा नाही. दुसरा भाग होणार आहे का? एका शब्दात उत्तर दे. प्रस्तावना नको, त्या तुला फार चांगल्या येतात.

फुंग बाई

*

ग्वांगजौ
२७ नोव्हेंबर

आदरणीय फुंग बाई,

बसूनच वाचलं. तीनदा.

एका शब्दात: नाही. बाहेर आम्ही "विचार चालू आहे" असं सांगतो आणि तसंच सांगायला आम्हाला बजावलेलं आहे, म्हणून कृपा करून हे आ-पोला कळू देऊ नका. कंपनीला दुसरा भाग हवा आहे, पण त्यात विधवा नको, गाव नको, चूल नको. स्वर्गात लढाई हवी आणि ती सगळी संगणकावर. चूलदेव तरुण हवा. चिउ काकांचं वय झालं, त्यांचे गुडघे स्टुलावर चढू देत नाहीत, असं एका बैठकीत हसत सांगितलं गेलं. मी त्या बैठकीतून उठले. त्यानंतर मला कोणी बोलावलेलं नाही. त्यांनी काढलाच तर तो माझा नसेल, आणि त्यात मावशींच्या भिंतीला जागा नसेल.

भिंत अशीच ठेवा, हे मीच सांगितलं होतं. त्या वेळी मला खरंच वाटत होतं की दोन महिन्यांत परत येऊ. नंतर सिनेमा चालला, मुलाखती झाल्या, आणि भिंत माझ्या लक्षातून गेली. यापेक्षा चांगलं कारण माझ्याजवळ नाही.

मावशी भाताची खरवड काढून माझ्यासाठी वेगळी ठेवायच्या. त्यांना कसं सांगायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

तुमची
का-यान

*

तो-क्वा-वान
५ डिसेंबर

साम ताई,

साली पोचल्या. घसा मोकळा झाला आणि लगेच वापरलाही. आमच्या इमारतीची लिफ्ट आठवडाभर बंद होती, व्यवस्थापकाला मी त्याच्या खोलीत जाऊन विचारलं की नव्वद वर्षांच्या वोंग आजींना तो पाठीवर घेऊन अकरा मजले चढणार का. दुसऱ्या दिवशी लिफ्ट चालू.

का-यानला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं. ती बरी आहे. सिनेमाचा धंदा मोठा गुंतागुंतीचा असतो असं दिसतं, त्यात माणसं फार आणि बैठका त्याहून फार. तुझ्या हातची खरवड तिला अजून आठवते. चिउबुवांचे गुडघे दुखतात.

मी गॅसबद्दल विचार करत होते. ताई, माझ्याकडे तीस वर्षं गॅस आहे आणि मी अजून जिवंत आहे. भातही होतो. खरवड धरत नाही, हे मान्य. पण धूर नाही, राख नाही, पहाटे उठून लिचीची लाकडं फोडणं नाही. या वयात हाड मोडलं तर जुळत नाही. चुनचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मला म्हणवत नाही, आणि तुला ठाऊक आहे, दुसऱ्याचं बरोबर आहे असं मी सहसा म्हणत नाही.

देव रागावेल याची भीती वाटत असेल तर त्यावर सोपा उपाय आहे. इथे बाजारात चूलदेवाचे लाल कागद मिळतात, सोनेरी अक्षरांचे. एक पाठवते. मंदिरातल्या बाईला विचारून चांगल्या दिवशी तूच चिकटव, म्हणजे तुझ्या मनाला शांती. मग चूल कुठलीही असो. देव गॅसच्या शेगडीवरही बसत असेल. इथे बसतोच, माझ्या शेजारणीकडे.

थंडी पडली. लोकरीचे मोजे पाठवते आहे.

सिन

*

ताम-यिउ
१८ डिसेंबर

सिन,

तू दोन पानं लिहिलीस आणि त्यात उत्तर नाही. तुला खोटं बोलता येत नाही, सिस्टरांनी तेवढं पक्कं केलं. खोटं बोलायचं टाळायचं असलं की तू लिफ्टची गोष्ट सांगतेस. तेव्हा उत्तर नाही असं आहे. कळलं. मुलीला काही बोलू नकोस, तिच्याही मागे कोणी मिस्त्री माप घेऊन उभा असेल.

कागद मिळाला. छान आहे. पण मी तो लावणार नाही. ज्याने पाठवलं त्यानेच परत आणायचं असतं. आणि मी स्वतः चिकटवला तर चुन म्हणेल, "आई, तूच लावलास, तूच काढ, नव्या शेगडीवर लाव." त्याचं बरोबरच असेल. मी लावलेला कागद कागदच राहील.

मला देवाची भीती वाटत नाही गं. तो इतकी वर्षं माझ्यासमोर बसलाय, मी कशी आहे ते त्याला माहीत आहे.

ही चूल मी आणि चुनच्या बापाने बांधली. माती कालव्याकाठची, भुसा शेजारचा, आ-गुमच्या सासरचा. तो गेला तेव्हा तिसऱ्या दिवशी मी हिच्यातच विस्तव घातला, कारण चुनला भूक लागली होती. यात सांगण्यासारखं काही नाही. प्रत्येकीच्या चुलीचं असंच असतं.

चुनशी भांडण नको. तो महिन्यातून दोनदा गाडी चालवत येतो, माझी औषधं मोजून डबीत भरतो. अशा मुलाला काय म्हणायचं?

चोविसावा दिवस यंदा २३ जानेवारीला येतो. जमलं तर त्याआधी ये. या चुलीवरचा भात एकदा खाऊन जा.

साम

*

तो-क्वा-वान
२४ डिसेंबर

का-यान,

आज मध्यरात्रीची प्रार्थना आहे आणि राग मनात घेऊन मला तिथे गुडघे टेकायचे नाहीत, म्हणून तो आधी तुझ्याकडे पाठवते.

बहिणीला मी तुझं उत्तर कळवलं नाही. ते तिला कळलं. तिने तुझ्याबद्दल चांगलंच लिहिलं आहे. हे तुला मुद्दाम सांगते, कारण रागावण्यापेक्षा हे तुला जास्त बोचेल.

मी तुझ्याकडे दुसरा भाग मागत नाही. कंपनी, बैठका, स्वर्गातल्या लढाया तुमच्या तुम्हाला लखलाभ. पण ताई म्हणते, ज्याने पाठवलं त्यानेच परत आणायचं. त्या घरातून देव काढून नेताना तुम्ही कुठल्या कंपनीला विचारलं नव्हतं. परत ठेवायलाही विचारावं लागू नये.

२३ जानेवारीच्या आधी. तुझा प्रत्येक निबंध मी अपुरा स्वीकारला, का-यान. आवडायचे म्हणून. हा स्वीकारणार नाही.

फुंग बाई

*

ताम-यिउ
२६ जानेवारी

सिन,

तू आली नाहीस, कंबर धरली असं तुझ्या शेजारणीच्या नातवाने चुनला फोन करून सांगितलं. शेक घे. आता मी काय लिहिते ते वाच, आणि वाचताना मध्ये बोलू नकोस.

बारा तारखेला रविवार होता. चुन आला होता, फरशांची खोकी अंगणात उतरवून घेत होता. तेवढ्यात एक लहान गाडी थांबली. आतून तुझी का-यान, तिच्यासोबत एक कॅमेरावाला, आणि चिउबुवा. बुवांना दोघांनी धरून उतरवलं. अंगात देवाचा झगा, पायात कापडी बूट, हातात काठी.

चुनने विचारलं, "म्हणजे दुसरा भाग होतोय?"

का-यान म्हणाली, "माहीत नाही, दादा."

"मग शूटिंग कसलं?"

"शेवटाचं. तो राहिला होता."

चुनने खोकं खाली ठेवलं. का-यान माझ्यासमोर येऊन वाकली, बराच वेळ वाकून राहिली. मी म्हटलं, उठ, कंबर धरेल, तुझ्या बाईंची धरलीय.

बुवा स्वयंपाकघरात आले आणि भिंतीकडे बघत राहिले. "तशीच ठेवलीत," म्हणाले. मी म्हटलं, "सांगितलं होतंत ना." त्यांनी स्टूल मागितलं. का-यान म्हणाली, "काका, खालूनच लावा, मी वरचं नंतर जुळवीन." बुवा म्हणाले, "नंतर कोण जुळवतं?" आणि चढले. एका बाजूने कॅमेरावाला, एका बाजूने चुन. हो, चुन. माझ्या मुलाने देवाला खांद्याचा आधार दिला. तू पाठवलेला सोनेरी अक्षरांचा कागदच त्यांनी लावला, चारी कोपरे बोटाने दाबले, आणि परत आणायचे शब्द म्हटले. सगळे म्हटले, मधला एकही गाळला नाही.

मग स्टुलावरूनच माझ्याकडे वळून वाट पाहू लागले. कॅमेरा चालू होता. मला वाटलं, सिनेमातल्या विधवेची जागा रिकामी आहे, कोणीतरी बोलायला हवं. मी म्हटलं, "इतका उशीर?"

बुवा विदूषकाच्या आवाजात म्हणाले, "काय सांगू मावशी, वर रांग होती."

चुन हसला. त्याला इतकं हसताना मी त्याच्या लग्नात पाहिलं होतं.

सगळे जेवले. का-यानने दोन वाट्या घेतल्या आणि खरवड वेगळी. तिने नंतर डोळे पुसले, मी धूर आहे म्हटलं, ती हो म्हणाली.

आता चोविसावा दिवस. सकाळपासून सगळ्या गल्लीत उसाची कांडकी आणि साखर. आ-गुम कुंपणावरून ओरडली, "साम मावशी, ऊस नाही आणलास? देवाला चालत पाठवणार का?" मी म्हटलं, "माझा नाही जात."

"नाही जात म्हणजे? सगळे जातात."

"आत्ताच आलाय."

संध्याकाळी चुन आला. फरशा अंगणात, मिस्त्रीला दुसऱ्या दिवशी बोलावलेलं. भिंत पाहिली आणि म्हणाला, "आई, आज चोविसावा. तू देव पाठवला नाहीस?"

मी म्हटलं, "दीड वर्ष वर राहून आलाय. येऊन दोन आठवडे नाही झाले. चुन, तू कारखान्यात लोकांच्या रजा मंजूर करतोस. अशा माणसाने लगेच परत रजा मागितली तर तू देशील?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग भिंतीकडे. मग परत माझ्याकडे. माझा मुलगा नियमाने चालणारा आहे, सिन. तो म्हणाला, "नाही देणार."

"मग?"

"मग नाही," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री हातोडा घेऊन आला, आत डोकावला आणि दारातच थांबला. म्हणाला, सगळ्या गावातल्या भिंती आज रिकाम्या, आणि नेमका इथे देव बसलाय, मला अजून वर्षभर कामं हवी आहेत. चुनने त्याला परत पाठवलं नाही. पडवीत गॅस बसवून घेतला आणि त्या पांढऱ्या फरशा तिथे लावल्या. मी म्हटलं ठीक आहे. रोजचा चहा आणि औषधाचं पाणी पडवीत. भात आत. लाकडं फोडायला त्याने आ-गुमच्या धाकट्या दिराला ठरवलंय, ते काम आता माझं नाही, हे मला कबूल करावं लागलं. पडले होतेच की मी.

या चार दिवसांत सगळ्या गल्लीत देव फक्त माझ्या घरी आहे. बायका येऊन चुलीपाशी बसतात. आ-गुम म्हणाली, तुझा एकटाच ड्यूटीवर, आमच्याही घरांवर नजर ठेवायला सांग.

आणि आता तू. तुझं पत्र मी परत वाचलं, ते "मनाला शांती" वालं. सिन, तुला खरंच वाटलं की मला सिनेमा कोणता आणि देव कोणता ते कळत नाही? मी त्या मंडळींसाठी तीन आठवडे रांधलं. दिवे कोणी धरले, बदकं कोणी उडवली, सगळं मी पाहिलं. पण या गावात मुलाला "नको" म्हणणारी म्हातारी हट्टी ठरते. मुलगा चांगला असला तर जास्तच. देवाच्या नावाने "नको" म्हटलं तर कोणालाच कमीपणा येत नाही, त्यालाही नाही. नुसता कागद पुरला असता तर मी कधीच लावला असता. मला चुनच्या देखत येणारा देव हवा होता.

चुनलाही कळलं असेल. जाताना गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाला, "आई, पुढच्या चोविसाव्याला काय करणार?"

मी म्हटलं, "बघू. तोवर दुसरा भाग येईल."

काच वर जाईपर्यंत हसत होता.

नववर्षाचे मुळ्याचा केक आणि गोड केक दोन्ही पाठवते. चुलीवरचे आहेत, कडा जरा करपल्यात.

साम

*

तो-क्वा-वान
१२ फेब्रुवारी

साम ताई,

केक पोचले. करपलेल्या कडा आधी खाल्ल्या.

तुझं पत्र मी खुर्चीत बसून, सरळ बसून वाचलं आणि वाचताना मध्ये फक्त दोनदा बोलले. मी वर्गात चाळीस वर्षं उभी राहिले, मुलींच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखायचे, आणि माझ्या स्वतःच्या बहिणीच्या चार ओळी मला वाचता आल्या नाहीत. देवाला घाबरलेली म्हातारी समजून मी तुला मंदिरातल्या बाईकडे पाठवत होते. असो. हे मी एकदाच लिहिते, परत वाचायला मागू नकोस.

का-यानला मी पत्र लिहिलं. एकच ओळ: "निबंध मिळाला. पूर्ण आहे." तिचं उत्तर आलं नाही, पण एक जाड पाकीट आलं आणि त्यात एक फोटो. स्टुलावर चिउबुवा, खाली चुन, आणि तू कमरेवर हात ठेवून वर बघते आहेस, जशी तू माझ्या मामीच्या कोंबड्यांकडे बघायचीस. तो मी भिंतीवर लावला आहे. स्वयंपाकघरात. फादर आले तर सांगेन की नातेवाईक आहेत.

कंबर बरी आहे. वसंतात पूर्वजांच्या कबरी झाडायला सगळे जातात तेव्हा येईन, गाडी गावापर्यंत येते असं चुनने कळवलं आहे. भात आत.

काल केस कापायला गेले होते. दुकान भरलेलं, नववर्षानंतर सगळ्यांना डोकी नीट करायची असतात. आ-पोने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री उचलली आणि आरशातून विचारलं, "फुंग बाई, खरं सांगा बघू. दुसरा भाग कधी?"

मी म्हटलं, "झाला."

तिची कात्री थांबली. बाकीच्या खुर्च्यांवरच्या बायकांनीही माना वळवल्या. "कधी झाला? कुठे लागला? आम्हाला कसा कळला नाही?"

"एकाच घरी लागला," मी म्हटलं. "तू मागून जरा कमी काप."

सिन